पांढरा म्हणजे नेमका किती पांढरा?

(दृश्य: दोन मॉनिटर, दोन्हींवर एकच फोटो)

फोटो एकच, फाइलही एकच. तरी एका पडद्यावर चुन्याची भिंत निळसर दिसते, दुसऱ्यावर पिवळट. फाइलमध्ये असतात नुसते आकडे. त्यांचा रंग प्रत्येक पॅनेल आपापल्या परीने काढतं. डोळ्यांवरही विसंबता येत नाही. थोडा वेळ बघत राहिलं, की निळसर पांढराही त्यांना पांढराच वाटू लागतो. म्हणून मोजायला लागतो कलरिमीटर, म्हणजे पडद्याचा रंग मोजणारं उपकरण.

बाजारातल्या कलरिमीटरसोबत मिळणारं सॉफ्टवेअर सहसा विंडोज आणि मॅकपुरतं. लिनक्सवर ही उणीव ग्रेम गिल यांच्या ‘आर्गिल सीएमएस’ या सॉफ्टवेअरने भरून काढली. मग २०११ मध्ये ब्रिटनच्या रिचर्ड ह्यूज यांनी ‘कलरहग’ हा कलरिमीटर आणला. तेव्हा सुमारे ६० पौंडांना मिळणारी छोटीशी डबी. सर्किटचे आराखडे आणि फर्मवेअर, म्हणजे डबीच्या आतला प्रोग्राम, सगळ्यांना खुलं.

(दृश्य: पडद्याला टेकवलेली डबी, खाली बदलत जाणारे रंगाचे चौकोन)

आतल्या सेन्सरवर ६४ फोटोडायोड आहेत: काहींवर लाल, काहींवर हिरवा, काहींवर निळा फिल्टर, उरलेले उघडे. प्रकाश जितका जास्त, तितकी सेन्सरची स्पंदनं भरभर. डबी ती मोजते, बस्स.

स्वस्ताईची किंमत मात्र इथेच मोजावी लागते. हे फिल्टर माणसाच्या डोळ्यासारखे रंग पकडत नाहीत. एलईडी बॅकलाइटचा प्रकाश वेगळा, जुन्या ट्यूबच्या बॅकलाइटचा वेगळा. म्हणून पॅनेलच्या जातीनुसार दुरुस्तीचा मॅट्रिक्स, म्हणजे मोजलेले आकडे सुधारणारा आकड्यांचा तक्ता, निवडावा लागतो. तो चुकला, तर मोजणी कितीही नेटकी करा, पांढऱ्यावर छटा चढणारच. दिलासा एवढाच, की महागडा स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रकाश अधिक बारकाईने मोजणारं उपकरण) असलेल्या कुणी एकदा मॅट्रिक्स तयार केला, की तसाच कलरिमीटर आणि तसंच पॅनेल असलेल्या इतरांनाही तो चालतो.

मोजण्याआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवायचा. नाइट लाइट (रात्री पडदा पिवळट करणारी सोय) आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (चित्रानुसार उजेड आपोआप बदलणारी सोय) बंद. लक्ष्य: पांढरा ६५०० केल्विनच्या आसपास, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो त्याचं माप) २.२, उजेड चौरस मीटरला १२० कँडेला. खोली अंधारी असेल तर कमी. जमेल तेवढं आधी मॉनिटरच्याच बटणांनी जुळवावं. सगळा भार ग्राफिक्स कार्डावर टाकला, तर आकाशाच्या हलक्या छटांमध्ये पट्टे उमटू शकतात. लॅपटॉपला बहुधा ही बटणंच नसतात, तिथे इलाज नाही.

(दृश्य: रंगांच्या सेटिंगमध्ये नवी प्रोफाइल)

शेवटी हाती येते एक आयसीसी फाइल, म्हणजेच मॉनिटरची रंगांची प्रोफाइल, आणि बरेच जण इथे फसतात. तिच्यातले दुरुस्तीचे वक्र ग्राफिक्स कार्डात चढले, की सगळ्या पडद्याचा पांढरा आणि करडा ताळ्यावर येतो. पॅनेलच्या लाल-हिरव्या-निळ्याचं वर्णन मात्र वेगळं. ते वाचणं सहसा प्रोग्रामवर सोपवलेलं असतं. डार्कटेबल आणि गिंप हे फोटोंचे प्रोग्राम ते वाचतात. न वाचणाऱ्या फोटो व्ह्यूअरमध्ये, वाइड गॅमट (नेहमीपेक्षा गडद रंग दाखवू शकणाऱ्या) मॉनिटरवर, तोच चेहरा उन्हाने भाजल्यासारखा लाल दिसू शकतो. तेव्हा डबीला बोल लावण्याआधी व्ह्यूअर बदलून पाहावा.