ढाक्याची पँट उरणला का उतरते?

(नवी मुंबईतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन. वक्ते वाशीच्या बाजारातल्या कांदा निर्यातीच्या कामातून निवृत्त झाले आहेत.)

अध्यक्षबाई आणि मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'भारत-बांगलादेश व्यापार : 2026 नंतर काय?' असा छापलाय. विषय भारदस्त आहे. तो मीच दिला, कारण 'कांदा आणि इतर तक्रारी' असा दिला असता तर समितीने मला मंचावर चढू दिलं नसतं. 2026 वर येतो. पाऊण तास आहे, भरपूर झाला.

आधी एक विचारतो. इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या अंगावर बांगलादेशात शिवलेला कपडा असेल? आत्ता कॉलर उलटी करून बघू नका, अध्यक्षबाई रागावतील. घरी गेल्यावर नातवाच्या जीन्सचं लेबल बघा. मोठ्या दुकानांत मिळणाऱ्या नावाजलेल्या कंपन्यांच्या कपड्यांत चितगाव-ढाक्याकडचा माल बराच असतो. आता ढाका कुठे, कोलकाता कुठे? रस्त्याने तीन-साडेतीनशे किलोमीटर. आपल्याकडून कोल्हापूरला जावं इतकंच. हे कपडे वर्षानुवर्षं बहुतेक सगळे खुष्कीच्या मार्गानेच यायचे. बेनापोलला ट्रक निघाला की पलीकडे आपलं पेट्रापोल, तिथून ऐंशी किलोमीटरवर कोलकाता.

17 मे 2025 ला आपल्या सरकारची अधिसूचना निघाली. बांगलादेशातले तयार कपडे कुठल्याही जमिनीवरच्या नाक्यावरून आत येणार नाहीत. येतील ते दोनच बंदरांतून. एक कोलकाता. आणि दुसरं? बरोबर, न्हावाशेवा. आपलं उरणचं बंदर! पुढे जूनअखेर आणखी एक कागद निघाला. त्यात ताग आणि तागाची बरीच उत्पादनं घातली, आणि त्यांना कोलकात्याचीही सवलत ठेवली नाही, फक्त न्हावाशेवा. ऑगस्टमध्ये त्या यादीत भर पडली. नकाशा डोळ्यांसमोर आणा. तागाच्या गिरण्या हुगळीच्या काठाला, कच्चा माल पद्मेच्या काठाला, आणि मधल्या मालाने काय करायचं? चितगावला जहाजात चढायचं, बहुधा कोलंबोला जहाज बदलायचं, पुरा दक्षिण भारत वळसा घालून उरणला उतरायचं, आणि मग हवं तर रेल्वेने परत बंगालकडे जायचं. काशीला जाताना लोक रामेश्वर करतात, पण त्यात निदान पुण्य तरी आहे.

आता यात आपल्याला गंमत वाटते, कारण कंटेनर आपल्याच दारात येतात. उलवे, द्रोणागिरीकडे राहणाऱ्यांना विचारा. गव्हाण फाट्यावर ट्रेलरच्या रांगेत ज्यांची तब्येत सुधारली आहे असा एक तरी माणूस मला दाखवा. उरणची लोकल जानेवारी 2024 ला सुरू झाली, फार चांगलं झालं, पण कंटेनर काही लोकलने जात नाहीत. आपल्याच सुनेच्या माहेरचा माल आहे म्हणून त्या रांगेला आपण सहन करायचं. असो.

हे असं का झालं? एकट्या कुणाच्या हट्टाने झालं नाही. 8 एप्रिल 2025 ला आपण त्यांची एक सवलत काढली. आपल्या विमानतळांवरून, बंदरांवरून ते तिसऱ्या देशांत माल पाठवत, ती 2020 पासूनची सोय बंद. आठवडा झाला नाही तोच त्यांनी आपलं सूत जमिनीच्या नाक्यांवरून घेणं थांबवलं. मग आपण मे महिन्यात कपड्यांवर घसरलो. वाटणी झालेले भाऊ एकमेकांची पाणंद अडवतात ना, एकाने काटेरी कुंपण घातलं की दुसरा चर खणतो, त्यातला प्रकार. फक्त इथे पाणंद चार हजार शहाण्णव किलोमीटरची आहे.

आणि परिणाम बघा. विदर्भातला कापूस सूत होतो. ते सूत आता जहाजाने चितगावला जातं, कारण ट्रकने घेत नाहीत. तिकडे त्याचा शर्ट होतो. तो शर्ट जहाजाने उरणला येतो, कारण ट्रकने आम्ही घेत नाही. यवतमाळचा कापूस नागपूरला शर्ट म्हणून पोचेपर्यंत दोनदा समुद्र पाहतो. मी अजून सगळा द्वीपकल्प पाहिला नाही.

हे सगळं तुम्ही पेपरात वाचलं असेल. माझं दुखणं जुनं आहे आणि ते कांद्याचं आहे. वेळ बघून सांगतो, थोडक्यात सांगतो. (हशा.) हसू नका, खरंच थोडक्यात.

14 सप्टेंबर 2020, सोमवार. करोनाचे दिवस. लासलगाव-पिंपळगावकडचा उन्हाळ कांदा, चाळीत एप्रिलपासून ठेवलेला, आम्ही गोण्या भरून बंगालकडे रवाना केला होता. त्याच वर्षी मे महिन्यात मध्य रेल्वेने लासलगावहून थेट बांगलादेशच्या दर्शनापर्यंत कांद्याची मालगाडी नेली होती, सगळीकडे कौतुक झालं होतं, आम्हीही पेढे वाटले होते. बाकीचा माल ट्रकने जायचा, आणि ट्रक सीमेवर पोचले की रांगेत. रांगेला तिकडे सिरियल म्हणतात. सिरियल लागेपर्यंत गाडी पार्किंगला. पार्किंगचं भाडं रोजचं. आमच्या ड्रायव्हरने एका पार्किंगवाल्याकडे पावती मागितली, तर त्याने विचारलं, पावतीने कांदा टिकतो का? मला राग आला, पण खरं सांगायचं तर प्रश्न बिनतोड होता.

त्या दिवशी संध्याकाळी अधिसूचना आली. कांदा निर्यात बंद, ताबडतोब. आणि त्यात एक ओळ होती, जी मी आयुष्यभर विसरणार नाही. आपल्या परराष्ट्र व्यापार धोरणात एक तरतूद असते. नियम बदलला तरी आधी करार होऊन, आगाऊ हमी देऊन जो माल चाललेला आहे त्याला जुना नियम लावायचा, अशी. शहाणपणाची तरतूद आहे. त्या अधिसूचनेत लिहिलं होतं की ती तरतूद या आदेशाला लागू नाही. म्हणजे वाटेतला माल वाटेतच.

आता कांदा म्हणजे काही लोखंडाची सळई नाही. ताडपत्रीखाली, बंगालच्या सप्टेंबरात, पावसात आणि उकाड्यात, कांद्याला घाम सुटतो. मग वरच्या पाती सैल होतात, मग कोंब, मग वास, आणि मग पाणी. आमचा ड्रायव्हर सिन्नरचा. रोज फोन. आधी म्हणाला, "साहेब, सुटेल का?" मग म्हणाला, "साहेब, शेजारच्या गाडीला वास यायला लागला." मग म्हणाला, "साहेब, आता आपल्या गाडीलापण." शेवटी म्हणाला, "साहेब, गाडीखालून पाणी चाललंय, गावातली पोरं नाक धरून पळतायत." शेठ दिल्लीला फोन लावतायत, मी इकडे बँकेला. बँक म्हणते, माल पोचल्याचा कागद द्या मग पैसे. पलीकडे सातखीऱ्याकडचा आमचा घेणारा, भला माणूस, वीस वर्षांचा संबंध, तो बंगाली-हिंदीत विचारतोय, "दादा, हमारा क्या होगा?" मी त्याला काय सांगणार? आपल्याच सरकारच्या बाजूने बोलावं लागतं अशा वेळी, देशाची अब्रू असते. मी म्हटलं, बस, दो दिन.

दो दिन नाही, चार-पाच दिवसांनी सरकारने पंचवीस हजार टनांची खास परवानगी दिली. तोवर कित्येक गाड्यांमध्ये निम्मा-अधिक माल गेला होता. निवडून जे चांगले निघाले ते ड्रायव्हरने तिथेच गावात पडेल त्या भावाला विकले आणि बाकीचे कुठे टाकले ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. सिन्नरची माणसं तशी मोजकं बोलतात.

बरं, हे पहिल्यांदा झालं असतं तर मी म्हटलं असतं, होतं कधी कधी. आदल्या वर्षी, 29 सप्टेंबर 2019 लाही बंदी आली होती. लगेच ऑक्टोबरात शेख हसीना दिल्लीत आल्या, आणि भर व्यासपीठावर हिंदीत म्हणाल्या की मी आचाऱ्याला सांगून टाकलंय, जेवणात कांदा घालू नकोस. निर्णय घ्या, पण जरा आधी सांगत चला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हॉल हसला. टाळ्या पडल्या. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा तेच.

मग ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरला टनाला 800 डॉलर किमान भाव, म्हणजे त्याखाली परदेशात विकायचा नाही, डिसेंबरला पूर्ण बंदी, मे 2024 ला बंदी उठली पण 550 डॉलर किमान भाव आणि 40 टक्के शुल्क लागलं, सप्टेंबरला किमान भाव गेला, शुल्क 20 वर, आणि 1 एप्रिल 2025 ला शुल्कही गेलं. हे मी पाठ म्हणून दाखवलं, कारण आमच्या धंद्यात पाढ्यांऐवजी हेच पाठ करावं लागतं.

आता मुद्दा ऐका, हा माझा लाडका मुद्दा आहे, घरात यावर बोलायला मला बंदी आहे. शहरात कांदा महागला की सरकार घाबरतं, ते मी समजू शकतो. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला भाव वाढला की तुम्हीच पहिले बोंब मारता. पण दर वेळी शेजाऱ्याच्या ताटातून कांदा काढला की शेजारी काय करतो? पहिल्यांदा तो इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमार, चीन, पाकिस्तान, जिथून मिळेल तिथून आणतो. इजिप्तचा एक एक कांदा एवढा की आमचा सातखीऱ्याचा घेणारा सांगायचा, गिऱ्हाईक म्हणतं अर्धा कापून द्या. दुसऱ्यांदा तो पाबना, फरीदपूर, राजबाडीच्या शेतकऱ्याला म्हणतो, तूच लाव, मी आयातीवर बंधन घालतो. आणि ते लोक लावतात. त्यांचं उत्पादन वाढलं, आयातीचे परवाने त्यांचं सरकार आता स्वतःच्या हंगामाकडे बघून देतं. 2025 मध्ये कितीतरी महिने आपला कांदा त्यांनी घेतलाच नाही. आणि मग लासलगावात भाव पडले की आपण म्हणतो, बांगलादेशचं गिऱ्हाईक तुटलं. गुरांच्या बाबतीतही असंच झालं, पण तो विषय आज नको, चहाला वेळ लागेल.

जो माणूस महागडा भाव देऊनही आपल्याकडेच यायचा, त्याला आपण शेतकरी बनवलं. आयात शुल्कापेक्षा, करारापेक्षा, या एका गोष्टीने आपलं जास्त नुकसान केलं आहे. गिऱ्हाईक भावाने कमी तुटतं, भरवशाने जास्त तुटतं. हे वाशीतला कुठलाही हमाल सांगेल.

सीमेवरच्या वेळेबद्दलही बोलायचं होतं. जागतिक बँकेने 2021 मध्ये मोजलं, पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला सरासरी 138 तास लागत होते. म्हणजे पावणेसहा दिवस. त्यातले 28 तास नुसतं एका ट्रकातून दुसऱ्या ट्रकात माल चढवायला, कारण आपला ट्रक पुढे जात नाही, त्यांचा इकडे येत नाही. एकमेकांच्या गाड्या आत येऊ द्यायच्या, असा मोटार वाहन करार भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान या चार देशांनी 2015 मध्ये थिंपूला केला, भूतानने त्याला मंजुरी दिली नाही, बाकीच्यांचं काम अजून... घंटा झाली का? पाच मिनिटं? अध्यक्षबाई, माझ्या घड्याळात अजून... बरं, बरं.

तर 2026. पटपट सांगतो. बांगलादेश 1975 पासून 'अल्पविकसित देशां'च्या यादीत आहे. त्यामुळे साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार करारात आपण 2011 पासून दारू आणि तंबाखू सोडून त्यांचा जवळजवळ सगळा माल बिनशुल्क घेतो. वेळापत्रकाप्रमाणे 24 नोव्हेंबर 2026 ला ते त्या यादीतून बाहेर पडायचे आहेत. बाहेर पडले की ही सवलत आपोआप मिळणार नाही. युरोपने तीन वर्षांची मुदत जादा दिली आहे, आपण अजून काही ठरवलेलं नाही. 2022 मध्ये दोन्ही देशांनी सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराच्या वाटाघाटी सुरू करायचं ठरवलं होतं, ऑगस्ट 2024 ला हसीनांचं सरकार पडलं, त्यानंतर ते गाडं रुतलं.

काही लोक म्हणतात, त्यांची सवलत गेली तर आपल्याला काय? आकडे बघा. 2023-24 ला आपण त्यांना सुमारे 11 अब्ज डॉलरचा माल विकला आणि त्यांच्याकडून 2 अब्जांपेक्षा कमी घेतला. विकणारा कोण? आपण. सूत, कापूस, डिझेल, यंत्रं, गाड्यांचे भाग. दक्षिण आशियात आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. आपल्याला घेणाऱ्याशी भांडणं परवडत नाही, कारण त्याला सूत चीनकडूनही मिळतं.

म्हणून माझ्या दोनच मागण्या, लिहून घ्या आणि खासदार भेटले की सांगा. एक, कुठलीही निर्यातबंदी निघाली तरी बाजार समितीतून सौदा होऊन निघालेला आणि वाहतुकीचा कागद झालेला माल जाऊ द्यायचा, अपवाद न करता. 2023 च्या डिसेंबरच्या आदेशात जहाजात चढायला सुरुवात झालेल्या मालाला सूट होती, म्हणजे हे जमतं. दोन, कांद्याला, सुताला, कपड्याला वर्षाचा कोटा ठरवून द्या, दोन्हीकडून. कमी द्या, पण कबूल केलेला द्या.

तिसरा मुद्दा त्यांच्या तागावर आपण लावलेल्या अँटी-डंपिंग शुल्काचा, म्हणजे फार स्वस्तात माल ओततात म्हणून लावलेल्या जादा शुल्काचा होता, ते 2017 पासून चालू आहे. त्यासाठी मला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावं लागेल.