आधी कंदील, मग माणूस

(नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेल्या तरुणांपुढे सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय, 'नवी नोकरी पटली नाही तर लवकर सोडावी का?' त्यावर येतेच. आधी जरा सांगलीजवळच्या हरिपूरला जाऊन येऊ.

माझे आजोबा हरिपूरच्या पेवांवर हमाल होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पेव बघितलेलं नसेल, 'पेव फुटणे' तेवढं परीक्षेत वाक्यात उपयोग करून लिहिलं असेल. जमिनीत खोल खड्डा, माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड, आत पोट मोठं. कडेनं पाला, मधे हळद, वरून मातीनं तोंड बंद. हवा नाही म्हणून हळदीला कीड लागत नाही, आणि हवा नाही म्हणूनच माणूस आत गुदमरतो. त्यामुळं पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. तोंड काही तास मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. आजोबा काठावर पालथे झोपायचे, हनुवटी मातीला टेकलेली, नजर ज्योतीवर. ज्योत बारीक झाली की दोरी वर. ट्रक उभा असू दे, मुकादम ओरडू दे, आजोबा हलायचे नाहीत. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी शिरलं आणि बरीच पेवं कायमची गेली. आजोबांचं काम सुटलं, पण एक वाक्य घरात राहिलं. ते म्हणायचे, "छातीवर हात ठेवून उतरायचं नसतंय, कंदिलावर नजर ठेवून उतरायचं असतंय."

आता कन्सल्टन्सी, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना सल्ला देणारी कंपनी. हिचंही गेल्या काही वर्षांत पेवच फुटलंय, म्हणून आज बोलावंसं वाटलं.

मी मुंबईत एका कन्सल्टन्सीत लागले. मुलाखतीत तासभर गोदामं, बाजार समित्या, शेतमालाची साखळी याच गोष्टी झाल्या. हळदीच्या गावची पोरगी, मला आकाश ठेंगणं झालं. रुजू झाले त्या दिवशी कळलं की ज्या साहेबांनी मला निवडलं, ते आधीच दुसरीकडे गेलेत. पुढचे दोन महिने बेंच. पगार चालू, काम नाही. ऐकायला गोड वाटतं, पण रोज सकाळी दहा मॅनेजरांना 'मला प्रोजेक्टवर घ्या' असा मेल टाकायचा आणि संध्याकाळपर्यंत इनबॉक्स उघडझाप करायचा, यानं माणूस आतून खचतो. मग एक प्रोजेक्ट मिळालं, बँकेचं. माझं काम स्लाइडा सरळ करणं. एका रात्री दीड वाजता मॅनेजरनं आलेखातल्या एका पट्टीचा पिवळा चार वेळा बदलून घेतला. त्या पट्टीतला आकडा चुकला होता. मी सांगितलं. ते म्हणाले, "आकडा क्लायंटचा आहे, तू रंग बघ."

त्याच रात्री वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "वर्षभर कळ काढ, पोरी. सीव्हीवर डाग नको."

या 'वर्षभर'वर माझा राग आहे. इथं बसलेल्या आईवडिलांना हात जोडून सांगते, वर्ष हे कॅलेंडरचं माप आहे. आत हवा आहे का, ते कॅलेंडर सांगत नाही. कुणी अकरा महिने गुदमरून बाराव्याची वाट बघतं. कुणी तिसऱ्या आठवड्यात पळतं, आणि तेही मला पटत नाही. कारण कन्सल्टन्सीत प्रोजेक्ट बदललं की मॅनेजर बदलतो, क्लायंट बदलतो, कधी शहरही बदलतं. पहिलं प्रोजेक्ट वाईट निघालं म्हणजे कंपनी वाईट निघाली असं नाही. तोंड नुकतं उघडलंय, जरा थांबा.

आयोजकांनी दहा मिनिटांची चिठ्ठी दिलीय, त्यामुळं मुख्य मुद्दा भराभर सांगते.

कंदील सोडणं म्हणजे एकच ठोस मागणी, लेखी आणि तारखेसकट. 'मला बरं वाटत नाहीये' असं लिहू नका. 'अमुक प्रकारचं काम सांगून मला घेतलं होतं, सहा आठवड्यांत तसं प्रोजेक्ट मिळेल का?' असं विचारा. मग ज्योत बघा. कुणी बोलावून बसवलं का? नाही म्हणताना कारण दिलं का? काही हललं का? मला 'नोंद घेतली' एवढं उत्तर आलं आणि सहा आठवड्यांनी त्याच मॅनेजरकडे दुसरं प्रोजेक्ट. मी दोरी वर घेतली.

निघायच्या आधी ऑफर लेटर पुन्हा वाचा, नोटीस पिरियड आणि बाँड दोन्ही. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण ठरलेली मुदत भरा, नाहीतर पैसे भरा, ही अट टिकू शकते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका बँकेची ३ वर्षं किंवा २ लाख रुपये अशी अट मान्य केली. पीएफ काढू नका, यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर, नव्या कंपनीकडे वळवा. मागची-पुढची मिळून सलग ५ वर्षं व्हायच्या आत काढलात तर सहसा कर लागतो. रिलिव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीनं रीतसर मोकळं केल्याचं पत्र, हातात आल्याशिवाय मुंबई सोडू नका. पुढच्या मुलाखतीत जुन्या मॅनेजरबद्दल एक शब्द काढू नका. काय मागितलं होतं, किती थांबलात, काय झालं, तीन वाक्यांत सांगा. मी तेवढंच सांगितलं, आणि समोरच्यांनी पुढचा प्रश्न गोदामांवर विचारला.

आणि जॉइनिंग बोनस. वर्षाच्या आत सोडलं तर तो परत द्या असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, म्हणून त्या पैशाला वर्षभर हात लावू नका. माझा बोनस हरिपूरच्या घराच्या पत्र्यांना गेला होता. निर्णय पाचव्या महिन्यात झाला होता, पण ते पैसे साठवून परत करेपर्यंत आठवा महिना उजाडला.