सभागृहाला अर्धंच सांगितलं

(पडद्यावर: जुन्या संसद भवनाचं कृष्णधवल छायाचित्र)

१६ डिसेंबर १९५७. लोकसभेत रायबरेलीचे खासदार बोलायला उभे राहतात. नाव फिरोज गांधी. जन्म मुंबईचा. पक्ष काँग्रेस, म्हणजे सत्ताधारी. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू त्यांचे सासरे. आणि ज्यांच्या खात्याचा हिशोब ते आज मागणार आहेत, ते अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारीही काँग्रेसचेच, नेहरूंच्या विश्वासातले.

पहिल्याच वाक्यात ते अध्यक्षांना सांगून टाकतात: आज इथे जोरदार मारा होणार आहे. मी मारतो तेव्हा जोरात मारतो, आणि त्याहून जोरात मार खायची तयारीही ठेवतो.

(पडद्यावर: विम्याची जुनी पॉलिसी, हप्त्याच्या पावत्या)

वाद होता विम्याच्या पैशाचा. वर्षभरापूर्वी, १ सप्टेंबर १९५६ रोजी, २४५ विमा कंपन्या आणि संस्था एकत्र करून सरकारनं आयुर्विमा महामंडळ उभं केलं होतं. खासगी विमा कंपन्यांचे मालक लोकांच्या पैशाशी कसे खेळतात, हे लोकसभेत आधी मांडणाऱ्यांमध्ये फिरोज गांधी स्वतः पुढे होते. पोस्टमन, शिक्षक, गिरणीतले जॉबर, कारकून, ज्यांच्या पगारातून हप्ता जायचा त्यांचा पैसा आता सरकारच्या हाती सुरक्षित राहील, असा विश्वास लोकांना दिला गेला होता.

आणि जून १९५७ मध्ये याच महामंडळानं हरिदास मुंदडा या कलकत्त्याच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे शेअर्स घेतले. रक्कम सुमारे सव्वा कोटी रुपये. त्या काळचे सव्वा कोटी. शेअर बाजारात मुंदडांची पत तेव्हा डळमळीत होती. महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती, तिला विचारलंच नाही. काही शेअर्सना तर बाजारभावापेक्षा जास्त पैसे मोजले.

वर्तमानपत्रांत कुजबुज सुरू झाली आणि सप्टेंबरमध्ये विषय लोकसभेत प्रश्नाच्या रूपानं आला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण या प्रश्नोत्तरांतच अडकलेलं आहे. संसदेत काय किंवा आपल्या विधानभवनात काय, लेखी उत्तर मंत्र्यांच्या नावानं येतं, पण त्याचा मसुदा खात्यात तयार होतो. माहिती खालून वर जाते, सचिवांच्या टेबलावरून मंत्र्यांकडे पोचते. पुरवणी प्रश्न आला की अधिकाऱ्यांच्या दीर्घेतून चिठ्ठी येते. म्हणजे सभागृहाला काय कळणार आणि काय कळणार नाही, हे बऱ्याच अंशी सभागृहाचे सदस्य नसलेले लोक ठरवतात. प्रश्नाच्या शब्दांत किंचित फट राहिली, की त्या फटीतून खरी माहिती निसटू देता येते. उत्तरात खोटं काहीच नसतं, आणि तरी ऐकणारा फसतो. माझ्या मते हे उघड खोट्यापेक्षा घातक आहे, कारण खोटं पकडता येतं.

सप्टेंबरमधल्या उत्तरांनी व्यवहाराचं खरं स्वरूप सभागृहापुढे आलं नाही. सदस्यांनी पाठ सोडली नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा प्रश्न आला, तेव्हा कुठे खरेदी बाहेर पडली. मग फिरोज गांधींनी आकडे गोळा केले, शेअर्सचे भाव तारखेनिशी लावले आणि डिसेंबरमध्ये सभागृहापुढे मांडले. खरेदीच्या आधी भाव चढलेले, नंतर उतरलेले. ज्या महामंडळाला संसदेनं जन्म दिला, त्याच्यावर लक्ष ठेवणं हे संसदेचंच काम आहे, असा त्यांचा आग्रह होता. सरकारकडून सांगितलं गेलं की घसरता बाजार सावरण्यासाठी ही खरेदी झाली. एकाच माणसाच्या कंपन्यांचे शेअर्स घेऊन बाजार कसा सावरतो, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

सरकारला चौकशी मान्य करावी लागली.

(पडद्यावर: मुंबई उच्च न्यायालयाची इमारत)

जानेवारी १९५८. एकसदस्य आयोगावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. सुनावणी मुंबईतच, आणि उघड. हा निर्णय फार मोलाचा होता. गर्दी इतकी झाली की बाहेर लाऊडस्पीकर लावावे लागले. साक्षीला कोण कोण आले? खुद्द अर्थमंत्री. अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल. महामंडळाचे अध्यक्ष जी. आर. कामत. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार. ज्या लोकांचा पैसा होता, ते लोक फुटपाथवर उभं राहून या साक्षी ऐकत होते.

मंत्री म्हणाले, या व्यवहाराला मी संमती दिली नव्हती. सचिव म्हणाले, मंत्र्यांच्या कानावर घातलं होतं. दोघांपैकी कोणाचं खरं, यावर दिवसेंदिवस उलटतपासणी चालली.

छागलांनी महिन्याभरात काम उरकलं आणि १० फेब्रुवारीला अहवाल दिला. बाजार सावरण्याची सबब त्यांनी फेटाळली. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, सचिवाच्या आड त्याला लपता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. आणि संसदेबद्दल एक गोष्ट बजावली: मंत्र्यांनी सभागृहाला अगदी सुरुवातीलाच विश्वासात घ्यावं, सगळी माहिती पुढे ठेवावी. नाहीतर तीच माहिती सभासदांना दुसरीकडून मिळते आणि नामुष्की ओढवते.

त्याच महिन्यात कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. फेब्रुवारीअखेरचा अर्थसंकल्प नेहरूंना स्वतः मांडावा लागला.

या सगळ्यात एक तपशील सहसा मागे राहतो. डिसेंबरमधलं ते भाषण देशभर छापून आलं, ते छापायला वर्तमानपत्रं कचरली नाहीत, कारण १९५६ मध्येच एक कायदा झाला होता: संसदेतल्या कामकाजाचा खराखुरा वृत्तांत छापणाऱ्यावर खटला चालणार नाही. ते विधेयक खासगी सदस्याचं होतं. मांडणारे फिरोज गांधी. पुढे आणीबाणीत हा कायदा रद्द झाला आणि १९७७ मध्ये परत आणला गेला.

फिरोज गांधी सप्टेंबर १९६० मध्ये गेले. वय अवघं ४७. कृष्णम्माचारी काही वर्षांनी पुन्हा मंत्रिमंडळात आले, पुन्हा अर्थमंत्री झाले. सचिव पटेलांच्या वर्तनाची वेगळी चौकशी झाली आणि त्यांनी सरकारी सेवा सोडली. ते राजकारणात उतरले. १९७७ मध्ये जनता सरकार आलं, तेव्हा देशाचे अर्थमंत्री झाले एच. एम. पटेल, आणि अर्थखात्यावरच्या प्रश्नांना लोकसभेत उभं राहून उत्तरं देण्याची पाळी आता त्यांची होती.