युरिक ॲसिडची गोळी चालू आहे? मग हृदयाचाही अंदाज घ्या

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री दोन वाजता पायाचा अंगठा ठणकायला लागतो आणि अंगावरच्या चादरीचं टोकसुद्धा सोसवत नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको. सकाळी एक चप्पल पायात, एक हातात, अशी माणसं दवाखान्यात येतात. रक्त तपासलं की बहुधा युरिक ॲसिड वाढलेलं निघतं. हाच गाऊट. मग ते उतरवणारी गोळी, ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट, सुरू होते.

असेच एक काका, वय ५८, परवा माझ्याकडे आले. फायलीत तीन वर्षांचे रिपोर्ट ओळीनं लावलेले: ९.१, ७.४, ५.८. आकडा उतरला म्हणून खुशीत होते, आणि ते खरंच चांगलं होतं. मी मात्र पानं उलटून कोलेस्टेरॉल शोधत होतो. सापडलं नाही. रक्तदाब कुठेच लिहिलेला नव्हता. मोजला, तर वरचा आकडा १५६.

आज मला एवढ्याचसाठी तुमच्याशी बोलायचंय. गाऊटच्या माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मूत्रपिंडाचा आजार ही मंडळी बहुधा युरिक ॲसिडच्या सोबतीनंच येतात. त्यात सांध्याचा दाह. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०२२ साली आला. गाऊटचा झटका येऊन गेल्यावरच्या दोन महिन्यांत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं त्यात दिसलं. म्हणून अंगठा सुजून गेल्यावर त्या दिवसांत छातीत दडपण आलं, धाप लागली, तर ‘गॅस असेल’ म्हणून घरी थांबू नका.

मग युरिक ॲसिड उतरवलं की हृदय वाचतं का? ब्रिटनमध्येच हेही तपासून पाहिलंय. हृदयविकार आहे पण गाऊट नाही, अशा साठीपुढच्या ५,७०० हून अधिक लोकांवर चाचणी झाली. ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत हृदयाच्या बाबतीत फरक पडला नाही. गोळी सांध्यासाठी आहे, ती मनानं बंद करू नका. हृदयाचा हिशोब मात्र वेगळा मांडावा लागतो. आणि फेबुक्सोस्टॅट लिहून दिलं असेल, तर पूर्वीचा हृदयविकार डॉक्टरांना आवर्जून सांगा. २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत या औषधावर हृदयविकारानं होणारे मृत्यू ॲलोप्युरिनॉलपेक्षा जास्त आढळले होते. २०२० च्या दुसऱ्या चाचणीत तसं दिसलं नाही. तरी सांगितलेलं बरं.

हा हिशोब करायला जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते आहेत. दक्षिण आशियाचा वेगळा आहे. वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल एवढं घातलं की येत्या दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताची शक्यता किती, ते एका रंगीत चौकोनात दिसतं. हिरवा म्हणजे पाच टक्क्यांच्या आत, नारिंगी म्हणजे दहा ते वीस. रक्ताचे रिपोर्ट नसतील तर उंची-वजनावरून चालणारा तक्ताही आहे. यात युरिक ॲसिड कुठेच येत नाही. आपल्याकडची चुना-तंबाखूही येत नाही. त्यामुळे गाऊट असेल, मूत्रपिंड कमजोर असेल, तंबाखूची चंची खिशात असेल, तर खरा धोका आलेल्या आकड्यापेक्षा जास्तच आहे असं मी धरतो.

काकांचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. साखर मधुमेहाची निघाली. टेबलावर तक्ता पसरला आणि त्यांच्या चौकोनावर बोट ठेवलं: नारिंगी. काका बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “डॉक्टर, तीन वर्षं मी तूरडाळ आणि टोमॅटो सोडलेत हो.”

मी म्हटलं, डाळ खा. डाळी आणि भाज्यांनी गाऊट वाढतो असं मोठ्या अभ्यासांत आढळलेलं नाही. दारू, कलेजी, बाटलीतली गोड पेयं सोडा आणि मीठ कमी करा. रक्तदाबाची गोळी निवडताना युरिक ॲसिडही थोडं उतरवणारी लोसार्टन निवडली. कोलेस्टेरॉलचं औषध सुरू केलं. पुढच्या मंगळवारी काकूंनाही बीपी मोजायला सोबत आणणार आहेत.

नमस्कार.