तापलेल्या पोलादाला कान कसा लावायचा?

मडकं घेताना आपण ते वाजवून घेतो. अल्ट्रासॉनिक सेन्सर हेच करतो, फक्त त्याची टिचकी आपल्याला ऐकू येत नाही. पोलादात हा आवाज सेकंदाला साधारण ५९०० मीटर धावतो. १० मिलिमीटर जाड पत्र्याच्या मागच्या पृष्ठभागावर आपटून परत यायला त्याला सुमारे ३.४ मायक्रोसेकंद लागतात. वेळ मोजली की जाडी कळली.

पण हे थंड पत्र्याचं झालं. पोलाद तापलं की त्यातला आवाज मंदावतो, ढोबळ हिशेबानं दर ५५ अंशांना एक टक्का. समजा, पाइप २५० अंशांवर आहे आणि तुमचं यंत्र ३० अंशांच्या वेगावर बसवलंय. मग १० मिलिमीटरची भिंत १०.४ दिसेल. आता बघा, ही चूक कुठल्या बाजूला झुकते! झिजलेला पाइप यंत्राला धडधाकट वाटतो. म्हणून जाडीच्या आकड्याशेजारी तापमान लिहिलेलं नसेल, तर तो आकडा मी तरी मान्य करत नाही.

दुसरी अडचण कानाचीच. सेन्सरमधली पीझेडटी ही सिरॅमिक चकती दाबली की वीज देते. हा पिझोविद्युत गुण पिएर क्युरी आणि त्याचा भाऊ जाक यांनी १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवला. ज्या तापमानाला चकती तो गुण गमावते, त्यालाही पिएरचंच नाव: क्युरी तापमान. नेहमीच्या पीझेडटीचं ते ३५० अंशांच्या आसपास असतं, आणि व्यवहारात त्याच्या निम्म्यावरच थांबावं लागतं. वितळलेलं अॅल्युमिनियम तर ६६० अंशांच्या वर!

मग चकती दूर ठेवायची आणि मध्ये दांडा घालायचा. एक टोक धातूत, दुसरं पाण्यानं थंड केलेलं. ऐकायला सोपं, पण साध्या गोल दांड्यात आवाज बाजूच्या भिंतींवर आपटत जातो आणि खऱ्या प्रतिध्वनीमागे खोट्यांची रांग लागते. त्यावर उपाय म्हणजे दांडा निमुळता करायचा किंवा त्यावर वेगळ्या पदार्थाचं कवच चढवायचं. शिवाय टोक धातूनं नीट भिजायला हवं. मध्ये हवेचा नुसता पापुद्रा राहिला तरी आवाज तिथूनच मागे फिरतो. साधा लोखंडी दांडा घालाल, तर अॅल्युमिनियम त्याला हळूहळू खाऊन टाकतं.

लेझरनं, न शिवताही, हे जमतं. धावत्या लालभडक पोलादासाठी तेच बरं. पण खर्च विचारू नका.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, दांडासुद्धा तापतो, मग त्याच्यातला उशीर कुठे धरायचा? तो धरायचाच नाही. एक प्रतिध्वनी दांड्याच्या टोकावरून येतो, दुसरा धातू ओलांडून समोरच्या भिंतीवरून. दांड्यातला प्रवास दोघांनाही सारखाच घडलेला असतो. दुसऱ्याच्या वेळेतून पहिल्याची वेळ वजा करा. उरते ती फक्त धातूतली.