शेतकरी, कांदे आणि इंग्रजी क्रियापद

श्रोतेहो, नमस्कार. इंग्रजीच्या पेपरात ‘क्रियापदाचा प्रकार ओळखा’ असं आलं, की मुलं पाठ केलेली यादी आठवू लागतात. ‘इज’ म्हणजे हेल्पिंग, ‘रन’ म्हणजे ॲक्शन. यादी वाईट नाही, पण ऐन वेळी दगा देते. शब्द तोच राहतो, वाक्यागणिक त्याचं काम बदलतं.

‘ग्रो’ घ्या. ‘फार्मर्स इन नाशिक ग्रो अनियन्स.’ इथे शेतकरी राबतायत, म्हणून ॲक्शन व्हर्ब. आता ऐका, ‘द डेज ग्रो लाँगर.’ दिवस काही पिकवत नाहीत. ते कसे होतात, एवढंच इथे कळतं. कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारं हे लिंकिंग व्हर्ब. शंका आली तर ‘ग्रो’ काढून ‘आर’ ठेवा. ‘द डेज आर लाँगर’ चाललं की नाही? ‘फार्मर्स आर अनियन्स’ म्हणाल, तर शेतकरीच कांदे होऊन बसतील!

मात्र ही युक्ती आंधळेपणानं वापरू नका. ‘माय अंकल लिव्ह्ज इन पुणे’ यातही ‘इज’ आरामात बसतं, तरी ‘लिव्ह्ज’ लिंकिंग नाही. पुढचे शब्द काकांचं वर्णन करत नाहीत, ते राहतात कुठे तेवढं सांगतात.

हेल्पिंग व्हर्बला मुख्य क्रियापदाची सोबत लागते. ‘रवी इज सिंगिंग’मधलं ‘इज’ हेल्पिंग, ‘रवी इज अ सिंगर’मधलं लिंकिंग. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’ ही मंडळी हेल्पिंगच, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

खरी गोची ‘द शॉप वॉज क्लोज्ड’ या वाक्यात आहे. पुढे ‘बाय द पोलीस’ आलं, तर कुणीतरी दुकान बंद केलं, म्हणजे ‘वॉज’ हेल्पिंग. ‘ऑल डे’ आलं, तर दुकान बंद अवस्थेत होतं, म्हणजे लिंकिंग. पुढे काहीच नसेल तर दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात. असं वाक्य परीक्षेत घालूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘ही वॉज टायर्ड’ त्या मानानं सोपं. तिथे ‘व्हेरी’ घालून बघा, सहज बसतं. म्हणजे ‘टायर्ड’ विशेषण आणि ‘वॉज’ लिंकिंग.

मार्कांपलीकडे याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. चांगलं इंग्रजी बोलणारेही ‘द मँगो स्मेल्स स्वीटली’ म्हणून जातात. आंब्याला नाक नसतं, तो हुंगत नाही. ‘स्वीट’ हे आंब्याचंच वर्णन, म्हणून विशेषण हवं, ‘स्वीटली’ नको. स्टेशनवर पोलिसांचा कुत्रा बॅग हुंगतो, तिथे मात्र ‘द डॉग स्मेल्स द बॅग केअरफुली’ असंच म्हणायचं.