पँट आधी उलटी करून पाहा

मित्रहो, फलकावर आजचा विषय ‘टिकाऊ पँट कशी निवडावी’ असा लिहिला आहे आणि त्याखाली कापड, वजन, वीण असे मुद्दे दिले आहेत. ते सगळं घेणार आहे. पण त्याआधी मला आसनाबद्दल बोलायचं आहे. पँटविषयी बोलणारे बहुतेक लोक कापडापासून सुरुवात करतात आणि आसनापर्यंत पोचेपर्यंत वेळ संपतो. दोन मांड्यांच्या मध्ये चार शिवणी एका बिंदूत येऊन मिळतात, ती ही जागा. पँट डोंगरासाठी घ्या नाहीतर रोजच्या कामासाठी, आधी ती जागा बघा, आणि ती बघायची तर पँट उलटी करा. माझं म्हणणं एवढंच आहे.

जरा हात वर करा बघू. तुमची शेवटची पँट गुडघ्यात गेली असे किती जण? थोडे आहेत. मोहरीला, म्हणजे पायाच्या खालच्या कडेला, विरली असे? आणखी काही. आणि आसनात गेली असे? बघा! (हशा) लाजू नका, वर ठेवा हात. मागच्या रांगेतल्या काकूंनी तर दोन्ही हात वर केलेत, यजमानांचा पण धरून. (हशा)

असं का होतं? आपण उभे असतो तेव्हा पँटला काही काम नसतं. उंच पायरीवर पाय टाकला की मागच्या बाजूला शरीराची लांबी वाढते. कातडी ताणली जाते, कापड तेवढं ताणलं जात नाही. मग सगळी ओढ जाते कुठे? आसनात. त्यात चालताना मांड्या एकमेकींना घासतात, घाम तिथे साचतो, वाळला की मीठ राहतं, आणि ओलं-कोरडं होत तेच कापड पुन्हा पुन्हा घासलं जातं. सायकलवाल्यांच्या बाबतीत सीटची भर पडते. बाकीची पँट नव्यासारखी असते आणि ही तळहाताएवढी जागा म्हातारी झालेली असते.

इथे एक गैरसमज काढायला हवा. आसन खाली लोंबतं असलं की हालचाल मोकळी होते असं लोकांना वाटतं. घडतं उलट. आसन जितकं खाली, तितका पाय उचलताना अख्खा दुसरा पायसुद्धा ओढला जातो, कारण दोन्ही पाय त्या खालच्या बिंदूला बांधलेले असतात. आसन अंगाजवळ असेल आणि मांडीत घेर असेल, तर पाय सुटा वर जातो. ढगळ पँटही म्हणूनच फाटते, आणि माणूस म्हणतो, ‘एवढी सैल होती तरी गेली!’

यावरचा उपाय शिवणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे: चौबगळा. काखेत जोडतात तसा पतंगाच्या आकाराचा तुकडा आसनात जोडायचा. त्यामुळे दोन गोष्टी साधतात. चार शिवणींची एकाच बिंदूवरची गर्दी मोडते आणि ताण वेगवेगळ्या कोपऱ्यांत वाटला जातो. दुसरं म्हणजे जी जागा सर्वांत जास्त घासते तिथून शिवण बाजूला सरकते. चौबगळा नसलेली जाड पँट एकदा उलटी करून त्या बिंदूवर अंगठा फिरवा. कापडाचे थर एकावर एक चढून कडक गाठ झालेली असते. मशीनची सुई तिथे अडखळते, टाका सुटतो किंवा लांब पडतो. बहुतेक वेळा उसवायला सुरुवात होते ती त्या एका सुटलेल्या टाक्यापासून.

आता जेकब डेव्हिसची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. हा अमेरिकेत नेव्हाडा राज्यातल्या रिनो गावचा शिंपी. तंबू, घोड्यांच्या झुली, गाड्यांवरची आच्छादनं असलं राकट काम करणारा. एक बाई आली. नवरा अंगानं थोराड, मजुरी करणारा, त्याच्या पँटा टिकत नव्हत्या. डेव्हिसनं कॅनव्हाससारखं जाड डक कापड घेतलं, पण नुसतं तेवढ्यावर भागवलं नाही. झुलींचे पट्टे पक्के करायला वापरायचे ते तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायच्या छोट्या खिळ्या, टेबलावर पडले होते. ते त्यानं खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. लक्षात घ्या, कापड जाड करून तो थांबू शकला असता. पण त्यानं विचारलं, फाटतं कुठून? खिशाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून, कारण हात, हत्यारं, वजन, सगळ्यांचा ओढा तिथे. मग बळ त्याच जागी दिलं. गिऱ्हाइकं वाढली. पेटंट एकट्याला झेपेना, तेव्हा ज्यांच्याकडून कापड घेत असे त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्हाय स्ट्रॉस यांना त्यानं पत्र लिहिलं आणि २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं. ज्या पँटला जग आज जीन्स म्हणून ओळखतं, तिच्या त्या पेटंटात कापडाचा दावा नाही. दावा आहे तो जोड पक्का करण्याच्या युक्तीचा.

आणि पुढचं ऐका. या पँटांना पूर्वी आसनाशी, चेनपट्टीच्या तळालाही एक रिव्हेट असे. शेकोटीजवळ बसलं की तो तापायचा अशी तक्रार असे, असं सांगितलं जातं. (हशा) दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायच्या काळात तो गेला. मागच्या खिशांवरचे रिव्हेट खोगिरांना आणि खुर्च्यांना ओरखडे काढत, म्हणून १९३७ मध्ये ते कापडाखाली झाकले गेले. म्हणजे बळकटीची जागा चुकली तर तीही त्रास देते. अशा रिव्हेटच्या जागी आज बारटॅक मारतात, म्हणजे एकाच ठिकाणी दाट, आडव्या टाक्यांची छोटी पट्टी. खिशाची तोंडं, पट्ट्याचे लूप, चेनचा तळ इथे ती आहे का ते नखानं चाचपून बघा.

माझी खरी तक्रार इथेच आहे आणि मी ती मांडणारच. बाहेर फिरायच्या पँटा म्हणून जे विकलं जातं, त्यात खिशांवर खिसे असतात, झाकणं, पट्टे, कड्या असतात, गुडघ्यावर दिखाऊ शिवणी असतात. माणूस ते मोजतो आणि खूश होतो. उलटी केली की आसनात एकेरी शिवण, कडेला ओव्हरलॉकचा, म्हणजे कड उसवू नये म्हणून घातलेला, विरळ धागा, आणि माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, इतकी कमी की उसवली तर पुन्हा शिवायला कापडच नाही. खिशाची पिशवी तर रुमालापेक्षा पातळ. त्यात किल्ल्या आणि फोन ठेवायचे! जी जागा सगळा भार घेते तिथे काटकसर, आणि जी नुसती दिसते तिथे उधळपट्टी. हे मला अन्यायाचं वाटतं, कारण ज्याला पँट वर्षानुवर्षं पुरवायची आहे त्याचीच यात फसगत होते.

म्हणून ट्रायल रूममध्ये आरशासमोर ताठ उभं राहून परत येऊ नका. उकिडवे बसा. मांडी घाला. एक पाय स्टुलावर ठेवून पुढे झुका. आसनात किंवा मांडीला पँट आवळली, किंवा मागून कंबर खाली सरकली, तर ती तुमची नव्हे, मग कापड कितीही भारी असो. नंतर काढून उलटी करा. आसनाची आणि पायाच्या आतली शिवण दुमडून दाबलेली, दोन किंवा तीन समांतर ओळींची हवी, म्हणजे कापडाची कापलेली कड आत बंद होते. जाड कापडाला इंचात साधारण आठ ते दहा टाके ठीक. साखळी टाका लवचीक असतो, पण तुटला तर सरसर उसवत जातो. साध्या मशीनच्या टाक्यात प्रत्येक टाका अडकलेला असतो, त्यामुळे एक तुटला तरी शेजारचे बराच वेळ धरून राहतात.

संयोजक दहा मिनिटं दाखवताहेत. दहाचीही पाचच झाली वाटतं. फलकावरचं कापड राहिलं, तर भराभर घेतो.

वीण. रोजच्या पँटला तिरकी वीण, म्हणजे ट्विल. ड्रिल, चिनो, डेनिम, गॅबर्डीन सगळे त्याच घरातले. यात धागे दाट बसवता येतात, म्हणून घासणं सोसतं. रिपस्टॉपमध्ये ठराविक अंतरावर जाड धाग्यांची जाळी असते. काट्यानं भोक पडलं तर फाट त्या चौकटीशी अडते. पण रिपस्टॉप म्हणजे न विरणारं, असं नव्हे. फाटणं वेगळं आणि विरणं वेगळं.

धागा. सुती कापड अंगाला चांगलं, ठिणगी पडली तर वितळत नाही, पण पाणी खूप पितं आणि सावकाश वाळतं. थंडीत-पावसात डोंगरावर ओली सुती पँट धोक्याची असते, अंगातली ऊब ओढून घेते. नायलॉन घासण्याला सर्वांत चिवट, हलकं, लवकर वाळणारं, मात्र शेकोटीपाशी जपायचं. पॉलिस्टर उन्हात नायलॉनपेक्षा जास्त टिकतं आणि पाणी जवळपास शोषतच नाही, पण घासण्यात नायलॉनच्या मागे. दोन्हीकडे एकच पँट हवी असेल, तर सूत आणि नायलॉनचं मिश्रण, ट्विल विणीतलं, हे माझं उत्तर.

वजन. प्रति चौरस मीटर २०० ग्रॅमच्या आत असेल तर उन्हाळी चालण्यासाठी, २५० ते ३२० रोजसाठी, त्यावर राबण्याच्या कामासाठी. डेनिमवर औंस लिहितात, तो चौरस यार्डाचा. चौरस यार्डाला १ औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३४ ग्रॅम, म्हणजे १२ औंसाचं डेनिम चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या आसपास. कापड किती घासणं सोसतं ते सांगणाऱ्या मार्टिनडेल चाचणीचा आकडा दिसला तर वाचा. त्यात कापडाचा गोल तुकडा लोकरी कापडावर घासतात. पण ती परीक्षा कापडाची, शिवणीची नव्हे.

इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा. दोन-तीन टक्के चालेल. फार घातलं तर आधी तेच थकतं, गुडघ्याला फुगा येतो. उष्णता आणि क्लोरीन त्याचे वैरी, म्हणून गरम ड्रायर नको. चौबगळा नीट असेल तर ताणाऱ्या धाग्याची गरज मुळात कमी होते.

चेन. दात बघतो तसा सरकणारा तुकडाही बघा, सहसा तोच झिजतो. दात शाबूत असून चेन मागून उघडत असेल, तर पक्कडीनं त्या तुकड्याच्या दोन्ही बाजू हलक्या दाबा, बरेचदा पुन्हा धरते. त्यासाठी पँट टाकू नका.

धुणं. उलटी करून, गार पाण्यात, चेन लावून. सावलीत वाळवा. चिखल वाळला असेल तर आधी झटका, कारण मातीचे कण धाग्यांत शिरून आतून घासतात.

आणि शेवटचं. महिन्या-दोन महिन्यांनी आसन खिडकीच्या उजेडासमोर धरा. आडवे-उभे धागे वेगळे दिसू लागले, मधून उजेड झिरपू लागला, की त्याच दिवशी आतून ठिगळ लावा. भोक पडेपर्यंत थांबलात, तर काठाचे धागे इतके थकलेले असतात की टाका धरत नाहीत. ठिगळ विरलेल्या जागेपेक्षा चहूबाजूंनी दोन बोटं मोठं हवं, कोपरे गोल, आणि मूळ कापडापेक्षा जाड नको, नाहीतर त्याच्या कडेनं नवी फाट सुरू होते. त्यावर कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं मागे-पुढे दाट शिवण फिरवा, विरलेल्या भागाच्या बाहेर जाईपर्यंत. बाहेरून फारसं दिसत नाही.

प्रश्न असतील तर विचारा, मी खाली थांबतो आहे. ज्यांनी घातलेल्या पँटबद्दल विचारायचं आहे त्यांनी कृपया शिवणीचं तोंडी वर्णन करावं. (हशा)